चीजच्या सुरीनं फोडलेली पानं

ॲम्ब्रोज पेनिथॉर्न चौसष्ट वर्षांचा झाला तरी मार्श हॅडलीच्या चर्चचा धाकटा पाद्रीच राहिला होता. कारण थोरले पाद्री क्लटरबक मरायचं नाव घेत नव्हते. आता तर असं दिसायला लागलं की धाकटाच आधी जाणार. गावातल्या लोकांना हे जरा रांगेत घुसल्यासारखं वाटत होतं, पण तोंडावर कोण बोलणार?

सर्जन स्पिंकनं ॲम्ब्रोजच्या बहिणीला, डॉर्कसला, स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "हृदय दमलंय, मिस पेनिथॉर्न. हिवाळा काढतील असं म्हणायची माझी हिंमत होत नाही." हा स्पिंक औषधं विकायचा, दात उपटायचा, जळवा लावायचा आणि वाईट बातम्या सांगायचा. यातलं शेवटचं काम तो सगळ्यात हळुवार करायचा. बातमी सांगून झाल्यावर त्यानं डॉर्कसच्या हातची जवाची बिस्किटं खाल्ली, चार.

डॉर्कस बाहेरच्या खोलीत आली तर ॲम्ब्रोज शेकोटीजवळ पाय पसरून बसला होता. म्हणाला, "काय म्हणतो स्पिंक? वसंत बघेन का?"

"बघशील की. त्याला काय होतंय!"

"तुला खोटं बोलता येत नाही गं. कान लाल होतात तुझे." मग म्हणाला, "डॉर्कस, एक विचारू? कुणी पोचलं असेल का शेवटापर्यंत?"

कशाच्या शेवटापर्यंत, हे विचारायची गरज नव्हती. ॲम्ब्रोजनं उभ्या जन्मात एकच चैन केली होती, कोपर्निकसवर महाकाव्य लिहिलं होतं. बारा सर्ग. पृथ्वीच सूर्याभोवती फिरते, हे ज्या म्हाताऱ्यानं तीनशे वर्षांपूर्वी मांडलं, त्याचं अख्खं आयुष्य वृत्तात बसवलं होतं. पृथ्वी फिरते की नाही, यावाचून मार्श हॅडलीत कुणाचं काही अडलं नव्हतं. पण पुस्तक छापायचं ठरल्यावर गावानं धडाधड आगाऊ प्रती सांगितल्या, कारण प्रती सांगणाऱ्यांची नावं पुस्तकात पुढे छापून येत. पुस्तक आलं तेव्हा प्रत्येकानं आधी आपलं नाव शोधलं, मग शेजाऱ्याचं नाव आपल्या खाली आहे ना ते बघितलं, आणि पुस्तक मिटलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

"माझी सगळी गोष्ट बाराव्या सर्गात आहे गं," ॲम्ब्रोज म्हणाला. "आधीचे अकरा म्हणजे नुसता जिना. एक माणूस, एकच माणूस जरी वरपर्यंत गेला असेल ना, तर मी आपला गपचूप जाईन. पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांकडे चहाला जाऊन येईन म्हणतो. निरोपही घेऊन होईल. आणि हळूच बघेन, पानं फोडलीत का."

डॉर्कसनं शेकोटीत आणखी एक लाकूड सारलं.

त्या काळी पुस्तकं यायची ती पानं एकमेकांना जोडलेली. छापखान्यातल्या घड्या तशाच. ज्याला वाचायचं त्यानं सुरी घेऊन एकेक घडी फोडायची. त्यामुळे कुणी कुठवर वाचलं, ते पुस्तकच चुगली करून सांगायचं. डॉर्कस गावातल्या सगळ्या दिवाणखान्यांत वर्षानुवर्षं बसलेली. ॲम्ब्रोजचं पुस्तक कुणाकडे कुठं असतं, हे तिला ठाऊक होतं. पाद्रीणबाईंच्या काचेच्या कपाटात ते चिनी मातीच्या कुत्र्याला टेकण म्हणून होतं. कॅप्टन ड्रॅबलच्या घरी सोफ्याच्या तुटक्या पायाखाली होतं. आणि स्पिंकच्या दुकानात जळवांची बरणी गिऱ्हाइकांना नीट दिसावी म्हणून त्या बरणीखाली होतं.

तिनं रात्रभर विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. सकाळी उठली आणि विणकामाच्या पिशवीत सुरी टाकली. कागद फोडायची हस्तिदंती सुरी ॲम्ब्रोजच्या टेबलावर, त्याच्या नाकासमोर असायची, ती घेता येईना. म्हणून स्वयंपाकघरातली चीज कापायची सुरी घेतली.

पहिला मान पाद्रीणबाईंचा. मिसेस क्लटरबक तिला बघून म्हणाल्या, "या, या! अगदी वेळेवर. मी चहाचं बघून येते हं, आमच्या त्या मुलीला काही म्हणता काही करता येत नाही."

बाई आत गेल्या. डॉर्कसनं चिनी कुत्रा बाजूला ठेवला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि सुरी चालवली. खर्रर्र! शांत घरात तो आवाज असा आला की जणू कुणी पाद्रीसाहेबांची विजार फाडतंय. ती खोकली. मग एक घडी, एक खोकला, एक घडी, एक खोकला, असं सुरू झालं.

आतून बाई ओरडल्या, "अगं बाई, केवढा तो खोकला! भावाचा लागला वाटतं तुम्हाला?"

"नाही हो, धुकं!"

"कांद्याचा काढा देऊ?"

"द्या!" डॉर्कस म्हणाली. काढ्याला वेळ लागतो. चौथा, पाचवा, सहावा सर्ग काढ्यात उरकले. नववा तिनं उकळता काढा पिता पिता, शालीखाली, एका हातानं फोडला. बाई समोर बसून त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचं सांगत होत्या. बारावा फुटला तेव्हा डॉर्कसच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंना वाटलं, लग्नाची गोष्ट मनाला लागली.

स्पिंककडे मात्र प्रसंग बाका आला. तो मागच्या खोलीत कुणाचा तरी दात काढत होता. त्या माणसाच्या किंकाळ्यांत फाडण्याचा आवाज सहज बुडत होता, ती सोय झाली. पण पुस्तक ओढताना बरणी कलंडली. झाकण उडालं. जळवा टेबलावर पसरल्या आणि एक डॉर्कसच्या मनगटाला चिकटली. ओरडायची सोय नव्हती. तिनं दातांखाली ओठ घट्ट धरला, बाकीच्या जळवा चमच्यानं बरणीत भरल्या, आणि मनगटावरची तशीच ठेवून बाराच्या बारा सर्ग फोडले. स्पिंक हात पुसत बाहेर आला तर ही पांढरीफटक.

"बसा, बसा, मिस पेनिथॉर्न! काय झालं?"

"काही नाही. थोडं रक्त कमी झाल्यासारखं वाटतंय."

आणि ते खोटं नव्हतं.

कॅप्टन ड्रॅबल निवृत्त नौदलवाला. कानानं बहिरा, एकटा राहायचा. सोबतीला पर्सर नावाचा कुत्रा. कॅप्टनकडे आवाजाची भीती नव्हती, पण तो खोलीतून हलेच ना. चहाचे कप मांडून डॉर्कसला जुनी लढाई दाखवायला लागला. डॉर्कस खाली बसली, म्हणाली माझी सुई पडली, आणि सोफ्याखालून पुस्तक काढलं. सोफा एका बाजूला धाडकन खचला.

"डाव्या बाजूनं गोळा लागला!" कॅप्टन खुशीत ओरडला. "अगदी असंच झालं होतं, बाई! अगदी असंच!"

तो दुधाच्या भांड्यानं शत्रूचा पाठलाग करत होता तोवर टेबलाखाली डॉर्कस पानं फोडत होती. पर्सर कुत्रा जवळ आला. सुरीला चीजचा वास, सुरीचा वास पानांना. त्यानं पाचवा सर्ग मन लावून चाटला. सहा वर्षांत त्या प्रतीकडे एवढ्या आवडीनं पाहणारा तो पहिलाच. डॉर्कसनं त्याच्या कानात सांगितलं, "बाळा, पुढंही असंच आहे. पण आता पुरे."

आठवडाभरात गावातल्या सगळ्या प्रती फुटल्या. आणि मग गंमत सुरू झाली. पाद्रीणबाईंनी पुस्तकाची पानं फोडलेली पाहिली आणि त्यांना वाटलं, आपल्या नवऱ्यानं वाचलं. नवऱ्याला वाटलं, बायकोनं वाचलं. मग दोघंही एकमेकांशी जपून बोलायला लागले, न जाणो समोरच्यानं त्यातलं काही विचारलं तर? स्पिंकला वाटलं, बायको दुकानात बसून वाचत असणार, तरीच हिशेब चुकतात. कॅप्टनच्या घरात तर दुसरं माणूसच नव्हतं. त्यानं बराच वेळ पानं उलटसुलट केली आणि शेवटी खिन्न होऊन पर्सरला म्हणाला, "म्हणजे आपण वाचलं, आणि विसरलो. म्हातारा झालो रे."

मी वाचलं नाही, असं मात्र एकालाही म्हणता येईना. सगळ्या गावानं वाचलंय आणि आपण एकटेच राहिलो, असं प्रत्येकाला वाटत होतं. असल्या गोष्टीत मार्श हॅडलीचा माणूस जीव देईल पण कबूल करणार नाही. सगळीकडे आळीमिळी गुपचिळी.

ॲम्ब्रोज गाढवाच्या गाडीत बसून चहाला जायला लागला. गाढवाचं नाव बिशप. लगाम धरून डॉर्कस शेजारून चालायची. प्रत्येक घरी तो दोन घोट चहा घ्यायचा, मग बोटं सहज जावीत तशी पुस्तकाकडे जायची. शेवटची पानं उघडायची. सुटी! मोकळी! तो पुस्तक हळूच मिटून ठेवायचा आणि काहीच म्हणायचा नाही. पण घरी येताना गाडीत गुणगुणायचा. तो जेवायला लागला. मटणाचं सूप दुसऱ्यांदा मागायला लागला. स्पिंकनं नाडी धरून डोकं खाजवलं, "हे पुस्तकात बसत नाही, मिस पेनिथॉर्न."

डॉर्कसचे कान लाल होते, पण आता ॲम्ब्रोजचं तिकडे लक्ष नव्हतं.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पाद्रीणबाईंना सुचलं. आपण वाचलं नाही हे झाकायचं असेल तर वाचल्याचा समारंभच करावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे चहा. प्रत्येकानं महाकाव्यातला आपल्या आवडीचा उतारा उभं राहून वाचायचा. कवी समोर बसणार.

मंगळवारी बाई डॉर्कसला चर्चच्या मागं गाठून म्हणाल्या, "काय आहे, मला की नाही सगळंच आवडलं. म्हणून निवडता येत नाही हो. तुमच्या भावाला स्वतःला कुठल्या ओळी प्रिय आहेत, ते जरा सांगाल?"

तिला साऱ्या महाकाव्यातल्या एकाच जागेच्या ओळी पाठ होत्या. ॲम्ब्रोज रोज सकाळी दाढी करताना त्या म्हणायचा, भिंतीपलीकडून ऐकून ऐकून बसल्या होत्या. "तिसऱ्या सर्गातल्या," ती म्हणाली. "धुक्याच्या. पण बाई, कुणाला सांगू नका हं."

"छे! माझं तोंड म्हणजे कबरीचा दगड."

होतंच. आणि कबरीच्या दगडावर लिहिलेलं सगळं गाव वाचतं. बाईंनी ते फक्त मिसेस स्पिंकच्या कानात घातलं. त्यांनी फक्त नवऱ्याच्या. नवऱ्यानं कॅप्टनच्या कानाला लावायच्या पितळी कर्ण्यात ओरडून सांगितलं, ते रस्त्यानं चाललेल्या दोन्ही ॲपलगार्थ बहिणींनी ऐकलं. आणि प्रत्येकजण 'हे आपल्यापाशीच' असं म्हणून घरी गेला.

गुरुवारी पाद्रीसाहेबांच्या दिवाणखान्यात केक होता, काकडीची सँडविचं होती, आणि मधल्या खुर्चीत ॲम्ब्रोज होता, धुतलेला गळपट्टा बांधून. पाद्रीणबाई उठल्या. पुस्तक हातभर लांब धरलं.

"दाट धुक्यामधि नदी झाकली, नावाडी दिसेना,
हाक परंतु येते कोठुनि, काठ मात्र गवसेना..."

आणखी दहा ओळी. टाळ्या. ॲम्ब्रोजचा चेहरा उजळला. मान लववून म्हणाला, "बाई, तुम्ही फार छान वाचलंत."

मग स्पिंक उठला. त्याचा चेहरा ओल्या सुपारीसारखा झाला होता, पण त्याच्याजवळ दुसरं काही तयार नव्हतं. "मलाही," तो घसा खाकरून म्हणाला, "मलाही नेमक्या याच ओळींनी, म्हणजे, एक वैद्य म्हणून... दाट धुक्यामधि नदी झाकली..."

लोक हलके हसले. योगायोग. ॲम्ब्रोजही हसला.

मग ॲपलगार्थ बहिणी. दोघींनी मिळून म्हटलं, एकीनं पहिली ओळ, दुसरीनं दुसरी. नावाडी दिसेना. खोलीत कप बशीला लागल्याचा आवाज मोठा वाटायला लागला. मिसेस स्पिंकनं घाईनं पानं उलटली, दुसरं काहीतरी सापडावं म्हणून. पण घाईत तिला भेटली ती कोपर्निकसच्या पोटदुखीची आठ पानं. ती परत धुक्यात गेली. पाद्रीसाहेबांनी तर डोळे मिटून म्हटलं, जणू प्रार्थनाच. कुणालाच थांबता येईना. उठून 'मी वाचलं नाही' म्हणण्यापेक्षा पाचव्यांदा धुक्यात शिरणं सोपं होतं.

शेवटी कॅप्टन ड्रॅबल. कर्णा घरीच राहिल्यामुळे आधीच्यांनी काय वाचलं यातलं त्याला अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यामुळे तो एकटाच अगदी उत्साहात उभा राहिला आणि तोफ डागावी तशा आवाजात म्हणाला, "मी एक अशी जागा शोधलीय की तुमच्यापैकी कुणाच्या लक्षातसुद्धा आली नसेल!"

आणि त्यानंही तेच धुकं सोडलं.

कुणी हसलं नाही. डॉर्कस भावाकडे बघत होती. दुसऱ्या वेळेला तो हसला होता, तिसऱ्या वेळेला त्याची मान जरा तिरकी झाली होती. चौथ्या वेळेला त्याला कळलं, ते तिला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त मांडीवरचे हात उलटे झाले, तळवे वर. आता कॅप्टन वाचत होता तेव्हा ॲम्ब्रोजचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, आवाज न करता.

पाद्रीणबाईंना काहीतरी बोलणं भाग होतं. त्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "आणि आता, मिस्टर पेनिथॉर्न, तुम्ही स्वतः! तुमची आवडती जागा कोणती?"

ॲम्ब्रोज खुर्चीचा हात धरून उठला. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. आयुष्यभर या लोकांची लग्नं लावली होती, पोरं बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून काढली होती, म्हातारी पुरली होती.

"काय सांगू," तो म्हणाला. "माझीही तीच." आणि त्यानं त्या ओळी म्हटल्या, पुस्तक न बघता, जणू त्या दिवशी कुणी त्या वाचल्याच नव्हत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. सुटलो एकदाचे म्हणून वाजवल्या.

बिशप घरच्या वाटेला लागला.

"चीज," ॲम्ब्रोज अचानक म्हणाला.

"काय?"

"सगळ्या घरांत माझ्या पुस्तकाला चीजचा वास येत होता. मी म्हटलं, काय बाई हे गाव! सगळेच मला चीज खाता खाता वाचतात. अगदी शेवटच्या पानापर्यंत." तो हसायला लागला आणि हसता हसता खोकला. "आणि कडा बघ ना, डुकराचं मांस कापल्यासारख्या."

डॉर्कस चालता चालता थांबली. "मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला माहितेय गं. मनगटाला काय झालंय?"

"जळू."

"अरे देवा," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि तुझी प्रत? तुला मी सही करून दिली होती, ती?"

बिशपही थांबला होता. तिची प्रत तिच्या पलंगाशेजारी होती, सहा वर्षं, रुमालात बांधून. तिच्यावर ती कधी मेणबत्ती ठेवायची नाही, चष्मा ठेवायची नाही, इतकी जपायची. गावभर पुस्तकं फोडत हिंडली, आणि ती एकच राहिली.

"मला वाटायचं, मला वाचायची काय गरज आहे," ती म्हणाली. "मी तर घरातच होते. तू लिहीत होतास तेव्हा दिवा मी भरायचे, शाई मी करायचे. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं."

"धुकं ऐकू आलं, तेवढं खरं," ॲम्ब्रोज म्हणाला. रागानं नाही. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून तो जेवेना. सूप पुढ्यात निवायचं. तिनं आपली प्रत आणून त्याच्याच हस्तिदंती सुरीनं पहिली घडी फोडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तो म्हणाला, "राहू दे गं." ती म्हणाली, "तू गप पड."

आता खरं सांगायचं तर महाकाव्य रटाळ होतं. पहिले तीन सर्ग बरे होते. चौथ्यापासून कोपर्निकस मोजमापं घ्यायला लागला तो थांबेचना. डॉर्कस डुलक्या येऊ नयेत म्हणून उभी राहून वाचायची, एका पायावर वाचायची. पाचव्या सर्गात तिनं मान वर केली तर कवी घोरत होता. सहाव्यात दोघंही झोपले, आणि सूप आटून पातेलं जळलं तेव्हा जागे झाले.

"डॉर्कस," सातव्या सर्गात तो म्हणाला, "खरं सांग. कंटाळा येतो ना?"

तिनं कानांना हात लावला. गारच होते. "येतो," ती म्हणाली.

"कुठपासून?"

"चौथ्या सर्गापासून."

तो छताकडे बघत राहिला. "मलाही लिहिताना तिथूनच आला होता. पण मग बारावा लिहायचा राहिला असता ना. बारावा मला पहिल्या दिवसापासून दिसत होता. त्याच्यापर्यंत जायला रस्ता नव्हता, म्हणून हे सगळं बांधत गेलो." त्यानं तिचा हात शोधला. "गाळून पुढं जा, चालेल. माझी परवानगी आहे."

"मी काही गाळणार नाही," डॉर्कस म्हणाली. "गाळणाऱ्यातली नाही मी."

हा हट्ट तिला नडला. गाळलं असतं तर पोचले असते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, दहाव्या सर्गात, कोपर्निकस चर्चच्या छपराच्या दुरुस्तीवरून वाद घालत असताना, ॲम्ब्रोजनं एक मोठा श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. डॉर्कस दोन पानं तशीच वाचत गेली. मग तिला खोली फार शांत वाटली.

तिनं त्याचे डोळे मिटले. केस विंचरले. शेजारणीकडून पाद्रीसाहेबांना निरोप धाडला. मग खुर्चीत बसली आणि दहावा सर्ग पुरा केला. अकरावा वाचला. सगळा, न गाळता, मोठ्यानं. मग बाराव्याची पहिली घडी फोडली.

तेवढ्यात पाद्रीसाहेब क्लटरबक आले, टोपी हातात घेऊन. "मिस पेनिथॉर्न, आमच्या सगळ्यांच्या वतीनं मी..."

डॉर्कसनं मान वर केली नाही. ती वाचत राहिली. पाद्रीसाहेब दारात थबकले. आपल्या मेलेल्या माणसापाशी वाचत बसलेल्या बाईला मधेच तोडायचं, हे मार्श हॅडलीत कुणी कधी केलं नव्हतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यामागून पाद्रीणबाई आल्या, त्यांनी तोंड उघडलं आणि नवऱ्यानं कोपर मारलं. मग स्पिंक आला, नाडी बघायची तर कुणाची, म्हणून नुसताच उभा राहिला. मिसेस स्पिंक आल्या. ॲपलगार्थ बहिणी आल्या, हातात झाकलेली थाळी, ती ठेवायला जागा नाही म्हणून तशीच धरून. कॅप्टन ड्रॅबल आला. त्यानं काय चाललंय ते पाहिलं, एक स्टूल ओढलं, डॉर्कसच्या अगदी समोर बसला आणि पितळी कर्णा कानाला लावून त्याचं तोंड तिच्याकडे केलं.

बाराव्या सर्गात फार काही घडत नव्हतं. एक म्हातारा बिछान्यावर पडलाय. अर्धं अंग गेलंय, बोलता येत नाही. त्यानं जन्मभर लिहिलेलं पुस्तक लांबच्या शहरात छापून झालंय आणि घोड्याच्या पाठीवर निघालंय. पाऊस आहे, चिखल आहे, एका सरायीत घोड्याची नाल निघते, लोहार दारू प्यालेला. म्हातारा दाराकडे बघतोय. घरची बाई सारखी खिडकीशी जाऊन येते आणि सांगते, येतोय, दिसतोय, पुलापर्यंत आला. तिला काही दिसत नाहीये. डॉर्कस मधे पाणी प्यायलाही थांबली नाही, घडी फोडली आणि पुढं गेली. शेवटी दार वाजतं. ओलं पुडकं सोडतात. पुस्तक म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवतात, त्याची बोटं उचलून त्याच्यावर ठेवतात. आणि महाकाव्य तिथंच संपतं.

डॉर्कसनं पुस्तक मिटलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ॲपलगार्थांच्या धाकटीनं हातातली थाळी जमिनीवर ठेवली. पाद्रीणबाई रुमाल शोधत होत्या आणि तो त्यांना सापडत नव्हता.

कॅप्टन ड्रॅबलनं कर्णा कानावरून काढला, त्याच्यात बघितलं, जणू थोडं आत राहिलं असेल, आणि पुन्हा लावला. "मग?" त्यानं विचारलं. त्याला हळू बोलता येत नसे, पण त्या दिवशी तो हळू बोलला. "कळलं का त्याला? पुस्तक आलं म्हणून? तेवढं सांगा, बाई. कळलं का?"

डॉर्कस बिछान्याकडे बघत राहिली. सहा वर्षांत त्या पुस्तकाविषयी कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

"ते यालाच विचारायला हवं होतं हो, कॅप्टन," ती म्हणाली. "मला नाही माहीत."